बिनतारी प्रक्षेपकातील शक्तिवर्धक : कार्यक्षमतेचा प्रश्न

मोबाइल मनोऱ्यापासून आकाशवाणीच्या केंद्रापर्यंत प्रत्येक बिनतारी प्रक्षेपकात शक्तिवर्धक, म्हणजेच पॉवर ॲम्प्लिफायर, हा महत्त्वाचा घटक असतो. क्षीण रेडिओ संकेताला दूरवर पोहोचण्याइतकी शक्ती देणे हे त्याचे कार्य होय. यासाठी घेतलेल्या विजेचा मोठा भाग मात्र उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ४० वॅट शक्ती देणाऱ्या वर्धकाची कार्यक्षमता ४० टक्के असल्यास १०० वॅट वीज लागते व ६० वॅटची उष्णता होते. कार्यक्षमता ५० टक्के झाल्यास वीज ८० वॅटवर, तर उष्णता ४० वॅटवर येते.

वर्धकाचा आराखडा करताना कार्यक्षमता आणि रेषीयता या दोन परस्परविरोधी अपेक्षांचा मेळ घालावा लागतो. रेषीयता म्हणजे संकेताचा आकार न बिघडविता वर्धन करणे. ती ढळल्यास संदेश विकृत होतो व शेजारच्या वारंवारतांमध्ये व्यत्यय येतो. 'ए' वर्गाचा वर्धक अधिक रेषीय, परंतु त्याची सैद्धांतिक कमाल कार्यक्षमता ५० टक्केच असते; 'बी' वर्गात ती ७८.५ टक्के असते. हे आकडेही केवळ शिखरशक्तीच्या वेळचे आहेत. ४जी संकेतात अनेक उपवाहक लहरी एकत्र येत असल्याने शिखरशक्ती सरासरीच्या कित्येक पट असते. साहजिकच वर्धक बहुतांश काळ कमाल क्षमतेच्या बराच खाली चालतो. शक्ती एक चतुर्थांश झाली की 'बी' वर्गाची कार्यक्षमता निम्म्यावर, म्हणजे सुमारे ३९ टक्क्यांवर येते.

यावरील एक उपाय अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्ये मांडला. त्यात मुख्य वर्धक सतत कार्यरत राहतो, तर साहाय्यक वर्धक केवळ शिखरांच्या वेळी मदतीस येतो. त्यामुळे एक चतुर्थांश शक्तीवरही सैद्धांतिक कार्यक्षमता ७८.५ टक्के राहते. निर्वात नलिकांच्या काळातील ही रचना आज मोबाइल केंद्रांत ट्रान्झिस्टरांसह वापरली जाते. उरणारी विकृती घालविण्यासाठी संकेत आधीच उलट प्रकारे विकृत केला जातो. यास 'अंकीय पूर्वविकृती' म्हणतात. सिलिकॉनपेक्षा अधिक व्होल्टता पेलणारे गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टरही वापरात आले आहेत.

भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. वीजपुरवठा अनियमित असलेल्या ग्रामीण भागात अनेक मनोरे डिझेल जनित्रांवर विसंबून राहिले. म्हणूनच किमान ५० टक्के ग्रामीण मनोरे २०१५ पर्यंत संमिश्र ऊर्जेवर आणण्याचे उद्दिष्ट दूरसंचार विभागाने २०१२ मध्ये ठेवले. सौर पॅनेल हा पुरवठ्याच्या बाजूचा उपाय आहे. विजेची मागणीच घटविण्याचे काम वर्धकाच्या आराखड्यातून होते. उष्णता कमी झाल्याने शीतकरणाची वीज वाचते आणि तीच बॅटरी मनोरा अधिक वेळ चालवू शकते. दुर्गम गावातील दूरध्वनी सेवेचे सातत्य काही अंशी या आराखड्यावरही अवलंबून असते.