बीडचा कौल

बीडने आजवर लोकसभेत कोणाकोणाला धाडले, ती यादी एकदा नजरेखालून घाला. 1952 मध्ये पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र परांजपे. 1967 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, म्हणजे साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नायक, थेट येडेमच्छिंद्रहून आलेले. 1977 मध्ये मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. 1980 आणि 1984 मध्ये काँग्रेसच्या केशरकाकू क्षीरसागर. 1989 मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे, तेही शेजारच्या पाथर्डीचे. 1991 मध्ये पुन्हा काकू. 1996 मध्ये भाजपच्या रजनी पाटील. एवढे रंग एकाच मतदारसंघाने उधळल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडीच सापडतील.

सुरुवातीच्या लाल रंगाचे मूळ निजामी राजवटीत आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, त्यानंतरही तिथल्या कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. म्हणून पहिली निवडणूक त्यांनी फ्रंटच्या नावाने लढवली. उर्वरित महाराष्ट्र काँग्रेसच्या बैलजोडीला डोळे झाकून मत देत होता, तेव्हा बीड वेगळ्या वाटेने चालले होते. पुढे ती चळवळ ओसरली, पण बीडकरांची वेगळी वाट धरण्याची खोड काही गेली नाही.

अमेरिकेत मध्यपश्चिमेला विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. राष्ट्राध्यक्षपदाच्या मागच्या तीन निवडणुकांत ते ट्रम्प, बायडेन, पुन्हा ट्रम्प असे फिरले आणि तिन्ही वेळा फरक तीस हजार मतांच्या आत राहिला. अशा राज्यांना तिकडे स्विंग स्टेट म्हणतात. तिथे दोन पक्ष आपापल्या जागी ठाम उभे असतात आणि मधला थोडासा मतदार इकडून तिकडे जातो. बीडचा मामला उलटा आहे, असे माझे मत. इथला मतदार बहुधा आपल्या माणसापाशी बसून असतो. माणूसच पक्ष बदलतो.

जयसिंगराव गायकवाड 1998 आणि 1999 मध्ये भाजपकडून खासदार झाले आणि 2004 मध्ये राष्ट्रवादीकडून. भाजपच्या रजनी पाटील पुढे काँग्रेसच्या राज्यसभा सदस्य झाल्या. सुरेश धस 2014 मध्ये राष्ट्रवादीच्या तिकिटावर गोपीनाथ मुंडे यांच्याविरुद्ध लोकसभा लढले आणि हरले. आज ते आष्टीचे भाजप आमदार आहेत. बीड शहरात 2019 मध्ये काका जयदत्त क्षीरसागर शिवसेनेचे होते, पुतणे संदीप क्षीरसागर राष्ट्रवादीचे. त्या निवडणुकीत पुतण्याने काकांना 1,984 मतांनी पाडले. परळीत त्याच वर्षी धनंजय मुंडे यांनी चुलत बहीण, गोपीनाथ यांची कन्या पंकजा मुंडे यांना 30,701 मतांनी हरवले. पाच वर्षांनी लोकसभेला हेच धनंजय बहिणीसाठी मते मागत होते. बाहेरच्या वाचकाला चक्कर येईल; बीडच्या चहाच्या टपरीवर मात्र ही वंशावळ तोंडपाठ असते.

या सगळ्यात एक काळ स्थिर होता, तो गोपीनाथ मुंडे यांचा. रेणापूरमधून आमदार, 1995 ते 1999 उपमुख्यमंत्री, 2009 आणि 2014 मध्ये बीडचे खासदार. 3 जून 2014 रोजी दिल्लीत अपघाती निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमधल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या डॉ. प्रीतम मुंडे 6,96,321 मतांनी निवडून आल्या. तोवरचे देशातले ते सर्वांत मोठे मताधिक्य होते. ते मत सहानुभूतीचे होते हे खरे, पण निव्वळ सहानुभूतीने एवढा डोंगर उभा राहत नाही. त्याच्या पायाशी ऊसतोड मजूर होते.

दसरा-दिवाळी आली की बीडची गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातले कारखाने गाठायचे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. घरी म्हातारी माणसे आणि लेकरे. मजुरी ठरते साखर संघ आणि मजूर संघटनांच्या वाटाघाटीत. तिथे मजुरांच्या बाजूने आधी गोपीनाथराव बसत, नंतर पंकजा. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात शरद पवार आणि पंकजा यांच्या उपस्थितीत 34 टक्के वाढ ठरली. चारच महिन्यांनी पवारांचे उमेदवार बजरंग सोनवणे आणि पंकजा बीडच्या मैदानात समोरासमोर होते.

त्या निवडणुकीला मराठा आरक्षणाची धग होती. 30 ऑक्टोबर 2023 रोजी बीड आणि माजलगावात आमदारांची घरे जाळली गेली. जात इथे आधीही मोजली जायची, पण आता ती उघड बोलली जाऊ लागली. 13 मे 2024 रोजी मतदान झाले. 4 जूनला मोजणी रात्री उशिरापर्यंत चालली, आघाडी फेरीगणिक बदलत गेली. परळी आणि आष्टीने पंकजांना हात दिला, बीड आणि गेवराईने बजरंग सोनवणे यांना. अखेर सोनवणे 6,83,950, पंकजा 6,77,397. फरक 6,553. गंमत म्हणजे 'तुतारी' चिन्हाच्या एका अपक्षाला 50 हजारांहून अधिक मते पडली. सोनवणे यांचे चिन्ह होते 'तुतारी वाजवणारा माणूस'. एवढी मते गोंधळातून गेली असतील, तर खरा फरक किती होता, हा वाद बीडमध्ये अजून मिटलेला नाही.

सहा महिन्यांत पारडे पुन्हा फिरले. विधानसभेच्या सहापैकी पाच जागा महायुतीला. परळीत धनंजय मुंडे 1,40,224 मतांनी विजयी. आणि 9 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. जिल्ह्याचे राजकारण त्या दिवसापासून कायदा-सुव्यवस्थेभोवती फिरू लागले. जानेवारीत पालकमंत्रिपद अजित पवार यांनी स्वतःकडे घेतले. 4 मार्च 2025 रोजी धनंजय मुंडे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

कारभाराचे म्हणाल तर, नेते एवढे मोठे आणि सुविधा एवढ्या उशिरा, हे कोडे बीडकरांना जुनेच. नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला. बीड शहरातून प्रवासी गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी, मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून. परळीकडचा टप्पा तेव्हाही बाकी होता. जिल्हा परिषदेत 2017 मध्ये राष्ट्रवादी सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण धस गटाने बाजू बदलली आणि अध्यक्षपद भाजपकडे गेले. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. लोकांना पालकमंत्री आणि जिल्हाधिकारी यांच्यापर्यंत नेणारा जिनाच त्यामुळे काढून घेतला गेला.

आता पुन्हा ऊसतोड मजुरांकडे. लोकसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये होते, तेव्हा कोयते घरी परतलेले असतात. विधानसभेचे होते हंगामाच्या तोंडावर किंवा ऐन हंगामात. 2024 मध्ये गाळप 15 नोव्हेंबरला सुरू झाले आणि मतदान 20 नोव्हेंबरला. फडावरच्या मजुराने मत द्यायला यायचे तर बुडीत मजुरी आणि गाडीभाडे त्याच्या बोकांडी. किंवा उमेदवाराने गाडी पाठवायची, आणि गाडी कोणाची तर मत कोणाचे हे वेगळे सांगायला नको. सैनिकाला टपाली मतदान आहे, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्याला आहे. ऊसतोड मजुराला नाही. पुढच्या विधानसभेआधी निवडणूक आयोगाने ही सोय करावी.