ताहितीची वाट

जगाच्या नकाशावर पॅसिफिक महासागराचा निळा विस्तार पाहिला, की त्यात मोहरीएवढे काही ठिपके विखुरलेले दिसतात. त्यांपैकी एक ताहिती बेटाचा. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने तो माशीचा डाग समजून फडक्याने पुसण्याचा प्रयत्न केला होता. त्यात त्याचा फारसा दोष नव्हता.

आज हवाई बेटांवरील होनोलुलूहून विमानाने निघालेला प्रवासी सुमारे सहा तासांत ताहितीस उतरतो, नारळीच्या सावलीत विसावतो आणि सुटी संपली की परततो. वाटेतील चार हजार किलोमीटर पाणी त्याला जाणवतही नाही. परंतु होकायंत्र ठाऊक नसलेले पॉलिनेशियन लोक शेकडो वर्षांपूर्वी याच समुद्रातून अळू, केळ व नीरफणस यांची रोपे होड्यांत घालून गेले आणि बेटाबेटांवर वसले. ते गेले कसे? १९५६ साली न्यूझीलंडमधील अँड्र्यू शार्प या इतिहासलेखकाने असे मत मांडले की, एवढ्या दूरचे बेट हेरून जाणे व परत येणे त्या लोकांना शक्यच नव्हते. वाऱ्याने भरकटलेल्या होड्या योगायोगाने किनाऱ्यास लागल्या असाव्यात. हवाईच्या लोकांना हे मत झोंबले. आपले पूर्वज दर्यावर्दी नव्हते, केवळ दैवाने तगलेले होते, असाच त्याचा अर्थ होत होता.

या मताची परीक्षा समुद्रावरच घ्यावी, या हेतूने १९७३ साली तेथे एक संस्था स्थापन झाली. तिने दोन लांब नावा दोरखंडांनी शेजारी शेजारी जखडून, त्यांवर खेकड्याच्या नांगीच्या आकाराची शिडे उभारून, जुन्या घाटाची होडी बांधली. तिचे नाव ‘होकुलेआ’, म्हणजे आनंदाचा तारा. आपण ज्यास स्वाती म्हणतो, तोच हा तारा. होडी सिद्ध झाली. पण तिला वाट दाखविणार कोण? हवाईत ती विद्या लुप्त झाली होती. अखेर मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावरील माऊ पिआयलुग यांना पाचारण करण्यात आले. ही विद्या त्यांना लहानपणी आजोबांकडून मिळाली होती. ताहिती मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती.

१ मे १९७६ रोजी होकुलेआ माउई बेटावरून निघाली. होडीवर होकायंत्र, नकाशा, घड्याळ यांपैकी काहीही नव्हते. मागून एक सोबतीची नौका येत होती. परंतु तिने मार्ग सांगावयाचा नाही, असे ठरले होते.

मग दिशा कशी कळावयाची? तारा क्षितिजावरील ज्या जागी उगवतो ती जागा वर्षभर बदलत नाही. बदलते ती केवळ वेळ. एक तारा फार वर चढला, की त्याच जागी उगवणारा दुसरा तारा धरावयाचा. अशा ताऱ्यांच्या माळाच्या माळा माऊंना मुखोद्गत होत्या. आपण दक्षिणेकडे किती आलो, हेही आकाशच सांगते. हवाईत स्वाती डोक्यावरून जातो, तर ताहितीत जवळजवळ डोक्यावरून जाणारा तारा व्याध होय. होडी दक्षिणेस सरकू लागली, की स्वाती उत्तरेकडे कलतो आणि ध्रुव रोज थोडा खाली उतरत विषुववृत्तापाशी क्षितिजात बुडून जातो. आकाश ढगांनी झाकले तर? दूरच्या वाऱ्यांनी उठविलेल्या रुंद, संथ लाटा दिवसच्या दिवस एकाच दिशेने येत राहतात. त्या होडीच्या कोणत्या अंगास लागतात, हे निष्णात नावाडी डोळे मिटूनही ओळखतो.

तरीही अथांग सागरात एक बेट नेमके गाठणे म्हणजे गंजीतील सुई शोधण्यासारखेच. येथे ज्वालामुखी नावाड्याच्या साहाय्यास येतो. ताहिती हे समुद्रतळातून उसळलेल्या लाव्हारसाचे थर साचून झालेले बेट आहे; त्याचे ओरोहेना शिखर २,२४१ मीटर उंच आहे. अशा शिखराशी वारा अडतो, ढग जमतात, आणि डोंगर दिसण्यापूर्वीच ते स्थिर ढग बेटाची जागा सांगतात. शिवाय ताहितीच्या वाटेवर तुआमोटू बेटांचा मोठा पुंजका पसरलेला आहे. तेथील जुने ज्वालामुखी केव्हाच खचून बुडाले. त्यांच्याभोवती वाढलेली प्रवाळाची ठेंगणी कडी तेवढी उरली. ती दुरून दिसत नाहीत. परंतु तेथील पांढरे सुरय पक्षी सकाळी मासे टिपण्यास समुद्रावर दूरवर जातात आणि सायंकाळी घराकडे वळतात. त्यांची परतीची दिशा हीच भूमीची दिशा.

महिनाभराच्या प्रवासानंतर असेच सुरय दिसले आणि माऊंनी भूमी जवळ आल्याचे सांगितले. लवकरच तुआमोटूतील मातायवा हे बेट दृष्टीस पडले. तेथून ताहिती दूर नव्हती.

४ जून रोजी होकुलेआ पापीते बंदरात शिरली, तेव्हा किनाऱ्यावर हजारो लोक लोटले होते. मुले तर पाण्यात उड्या टाकून होडीवर चढली. आणि इतकी चढली, की महासागरात न बुडालेली ती होडी मागच्या बाजूने पाण्यात बसली.