एक मिलिमीटरच्या फटीत 144 कोटी लोहकण

20 मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये एक मिलिमीटरची फट. मॅग्नेटोऱ्हिऑलॉजिकल, म्हणजे एमआर द्रवाचा प्रवाह मोजायला ऱ्हिऑमीटर या यंत्रात एवढी जागा पुरते. त्यात मावतो जेमतेम एक तृतीयांश मिलिलिटर द्रव: सिलिकॉन तेलात कालवलेली लोखंडाची अतिसूक्ष्म पूड. कण 5 मायक्रॉनचा आणि लोखंड आकारमानाने 30 टक्के धरलं, तर हिशेब येतो सुमारे 144 कोटी कणांचा. जवळजवळ भारताची लोकसंख्या!

चुंबक बंद असताना हा द्रव सहज ओतता येतो. चालू केला, की काही मिलिसेकंदांत कण एकमेकांना धरून खालच्या चकतीपासून वरच्या चकतीपर्यंत साखळ्या बांधतात. एकेरी साखळीत 200 कण, म्हणजे 72 लाख साखळ्या. वरची चकती फिरवायची तर त्या तोडाव्या लागतात. काही डझन पास्कलचा विरोध 50,000 पास्कलवर जातो. दर चौरस मीटरला पाच टनांचा जोर. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब रॅबिनो यांनी 1948 च्या सुमारास याच गुणावर क्लच बनवला होता.

आता तापवून पाहू. 25 अंशांवरून 100 अंश सेल्सिअसवर नेलं, तर सिलिकॉन तेलाचा दाटपणा साधारण एक तृतीयांशावर येतो. साखळ्यांची पकड मात्र फारशी ढिली होत नाही. मला यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. लोखंड पूर्ण चुंबकित झालं, की शेजारच्या दोन कणांना बांधणारी ऊर्जा त्यांना हलवू पाहणाऱ्या उष्णतेच्या ऊर्जेच्या सुमारे 500 कोटी पट असते. निरपेक्ष तापमान 298 वरून 373 केल्विन झालं, म्हणजे फक्त पावपट वाढलं. 500 कोटींचे 400 कोटी झाले, इतकंच! फेरोफ्लुइडमधला 10 नॅनोमीटरचा कण आकारमानाने साडेबारा कोटी पट लहान. तिथे उष्णता चुंबकाशी बरोबरीने झगडते.

तरीही मोजणी नाजूकच. चुंबकाची गुंडाळी स्वतःच तापते, म्हणून पाणी खेळवून नमुन्याचं तापमान स्थिर ठेवावं लागतं. शिवाय तांब्याचा रोध याच 75 अंशांत सुमारे 29 टक्के वाढतो. व्होल्टेज तेच ठेवलं तर विद्युतप्रवाह पाचव्या हिश्श्याहून जास्त घटतो, क्षेत्र उतरतं, आणि द्रव उष्णतेने मऊ पडल्याचा भास होतो. म्हणून प्रयोगात व्होल्टेज नव्हे, विद्युतप्रवाह स्थिर ठेवतात.