एका कादंबरीचे लेखक आणि 'मौना'चा प्रश्न

पदव्युत्तर वर्गात विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'चा अभ्यास चालू असला की एक प्रश्न हटकून विचारला जातो : इतकी समर्थ कादंबरी लिहिणारा लेखक पुन्हा कादंबरीकडे का वळला नाही? यंदा तो मुलुंडहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारला, आणि तिच्या स्वरात जिज्ञासेपेक्षा तक्रारच अधिक होती. अशा लेखकाविषयी बोलताना आपण 'मौन' हा शब्द सहज वापरतो. तो कितपत यथार्थ आहे, हे प्रथम पाहावयास हवे.

'रणांगण' १९३९ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर बेडेकर गप्प बसले काय? 'शेजारी' (१९४१) या चित्रपटाची कथा-पटकथा त्यांची. 'रामशास्त्री' (१९४४) च्या दिग्दर्शनात त्यांचा वाटा होता. पुढे 'टिळक आणि आगरकर' हे नाटक त्यांनी लिहिले. आणि 'एक झाड आणि दोन पक्षी' (१९८४) या आत्मचरित्राला १९८५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तेव्हा हे मौन लेखकाचे नसून ग्रंथालयातील एका फळीचे आहे. आपण वाङ्मयप्रकारांच्या फळ्या मांडतो, आणि लेखक एका फळीवरून दुसरीकडे गेला की तो नाहीसा झाला असे समजतो.

तरीही दुसरी कादंबरी का नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचे एक उत्तर कादंबरीच्या भाषेत शोधता येईल असे मला वाटते. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा ही ज्यू तरुणी भेटतात. ही माणसे परस्परांशी मराठीत बोलत नव्हती, हे उघड आहे. मराठी ही येथे त्यांच्या संभाषणाची भाषा नव्हे, निवेदनाची आहे. इंग्रजीत समोरच्या माणसासाठी एका सर्वनामाने भागते; मराठीत तू, तुम्ही, आपण यांतून निवड करावीच लागते, आणि ती करताच दोघांतील अंतर निश्चित होते. शिवाय 'मी जातो', 'मी जाते' असा लिंगभेद क्रियापदाला चिकटलेला. बोटीवरचे नाते काही दिवसांचे, त्याला ना कुळ ना गाव. आणि त्यासाठी वापरावयाची भाषा मात्र नात्यागोत्यांनी भरलेली! या अडचणीतून बेडेकरांनी जी आटोपशीर संवादभाषा घडविली ती त्या प्रसंगापुरतीच घडविलेली होती. पुण्यातील वाड्यात किंवा गिरगावातील चाळीत तिला काम मिळाले नसते. संवाद लिहिण्याचे कौशल्य तेवढे उरले, आणि ते पटकथेत व नाटकात गेले.

किरण नगरकरांचे उदाहरण याहून वेगळे. 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) ही त्यांची एकमेव मराठी कादंबरी. 'रावण अँड एडी' चा आरंभ त्यांनी मराठीत केला, पण ती पूर्ण झाली इंग्रजीत. येथे फळी तीच राहिली, भाषा बदलली. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ते लिहीत होते. पण मराठी वाचकाच्या लेखी ते १९७४ सालीच थांबले. भाषांतर करणाऱ्याला आपण परका मानीत नाही. भाषांतर करून घेण्यास भाग पाडणाऱ्याला मात्र मानतो, हे थोडे चमत्कारिकच म्हणावयाचे.

परंतु खरेखुरे नाहीसे होणे याहून निराळे असते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली प्रसिद्ध केली. हा ग्रंथ ललित नव्हे, पण त्यातील गद्याची धार कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहे. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' मध्ये १८८५ साली तिची बाजू घेतली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती संपादून पुन्हा प्रकाशात आणली. मधली सुमारे नव्वद वर्षे मराठी वाङ्मयाच्या चर्चेत तिला जागा नव्हती. बेडेकरांची कादंबरी विस्मृतीत जाण्याचा धोका कमी होता, कारण त्यांचे नाव रंगभूमीवर आणि चित्रपटांत फिरत होते. पुढचे पुस्तक मागच्याची वाट दाखविते. ताराबाईंच्या पुस्तकाला अशी वाट दाखविणारे काहीच नव्हते.

हा मुद्दा केवळ इतिहासाचा नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने एकच पुस्तक असलेल्या लेखिकेवर प्रबंध लिहिण्याचे ठरविले, तेव्हा संबंधित समितीने 'सामग्री अपुरी' असा शेरा मारून विषय परत पाठविला. पाच-सहाशे पृष्ठांचे समग्र वाङ्मय असेल तरच लेखक संशोधनास पात्र, हा आपल्याकडील अलिखित नियम आहे, आणि तो जोवर पाळला जातो तोवर ज्यांना दुसऱ्या पुस्तकाची संधीच मिळाली नाही त्यांना आपणच दुसऱ्यांदा गप्प बसवितो.

मुलुंडच्या विद्यार्थिनीला मी एवढेच सुचविले की बेडेकरांनी न लिहिलेल्या कादंबरीचा शोध सोडावा. १८८२ ते १९७५ या काळात ताराबाईंच्या पुस्तकाच्या प्रती कोणाकोणाच्या संग्रहात होत्या, याची यादी करण्यास तिने आता आरंभ केला आहे.