नावाच्या चौकटी

मे २०२१. रमजानचे शेवटचे दिवस, सहरीची वेळ. अम्मी चुलीपाशी, अब्बू वजूला उठलेले आणि मी मोबाईलवर कोविनचं पान पुन्हा पुन्हा उघडत बसलेली. १ मेपासून १८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली होती, पण सरळ केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहायची सोय नव्हती. आधी नोंदणी, मग ओटीपी, मग वेळ. ती वेळ उघडायची आणि चहा गाळेपर्यंत संपायची. रोज्यात लस चालते का, हा अम्मीचा प्रश्न अनेक उलेमांनी सोडवला होता. सुईने रोजा तुटत नाही. माझा प्रश्न सोडवला तो मामूंच्या मुलाने.

तो पुण्यात प्रोग्रामर आहे. त्याने पायथॉनमधल्या तीसेक ओळी पाठवल्या. कोविनने केंद्रांची माहिती प्रोग्रामना वाचता येईल अशी खुली ठेवली होती. त्या ओळी दर काही सेकंदांनी ती तपासायच्या आणि जागा दिसली की घंटी वाजवायच्या. देशभरात तेव्हा हाच उद्योग चालला होता. चेन्नईच्या बर्टी थॉमस यांनी तर अशी माहिती सगळ्यांना दिसावी म्हणून एक संकेतस्थळच काढलं होतं. मी बी.एस्सी.ला कॉम्प्युटर घेतलेला. दिग्रसमध्ये बसून, आपण लिहून घेतलेल्या ओळी खरोखर काही करतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

चौथ्या दिवशी जागा मिळाली. केंद्रावर गेले तर फाटकाशी आसपासच्या खेड्यांतले तरुण उभे. आजच्या सगळ्या जागा भरल्या, म्हणून त्यांना परत पाठवत होते. आत बसलेले बरेच जण बाहेरगावाहून गाड्या करून आलेले. माझ्या वर्गातली एक मैत्रीण त्याच गावची. तिच्या घरी एकच मोबाईल, माणसं सात. एका क्रमांकावर तेव्हा चौघांचीच नोंदणी व्हायची आणि तिचा नंबर भावांनंतर होता. शिवाय सगळं पान इंग्रजीत. मराठी आणि इतर भाषा आल्या त्या जूनमध्ये. मी लस घेऊन बाहेर आले तेव्हा ती दिसली नाही. दिसली असती तर काय बोलले असते, कोण जाणे.

१२ मे रोजी राज्याने लसींच्या तुटवड्यामुळे १८ ते ४४ वयाचं लसीकरण थांबवलं. २४ मे रोजी केंद्राने सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली. सुप्रीम कोर्टानेही त्याच महिन्यात विचारलं, की ज्याच्याकडे फोन नाही त्याने काय करायचं? मैत्रिणीला पहिला डोस मिळाला ऑगस्टमध्ये.

इथून पुढचा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही. दुसरी लाट फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळकडूनच चढली होती. वर्गात खेटून बसायची, प्रयोगशाळेतला एकच कीबोर्ड चौघींनी हाताळायची भीती सगळ्यांनाच होती. त्यामुळे कॉलेजं २० ऑक्टोबरला उघडली ती दोन्ही डोस घेतलेल्यांसाठी, आणि यात मला काही गैर वाटलं नाही. पण कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं. म्हणजे २८ जुलैनंतर पहिला डोस घेतलेली मुलगी २० ऑक्टोबरला वर्गात बसूच शकत नव्हती. तीस ओळींचा प्रोग्राम ज्यांच्याकडे होता ते आत, बाकीच्या बाहेर. २५ ऑक्टोबरपासून 'मिशन युवा स्वास्थ्य' नावाने कॉलेजांमध्येच लस देणं सुरू झालं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

माझंही कॉलेजात अडलंच. आपल्या विदर्भात नाव लिहायची रीत 'शेख अमुक शेख तमुक'. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, आणि शेख दोन्हीकडे. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, आणि इंग्रजीत शेखची स्पेलिंग तीन तऱ्हेची. प्रमाणपत्रावरचं नाव कॉलेजच्या यादीशी जुळेना. कोविनवर दुरुस्तीची सोय होती, पण एकदाच. मी दुरुस्ती केली. मोहल्ल्यातल्या अकरा जणींची करून दिली. त्यातल्या एकीची चुकली, आणि ती चूक माझी होती.

पुढे अंतिम वर्षाचा प्रकल्प आला. मी विद्यार्थिनींच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणारा छोटा प्रोग्राम घेतला. कोणाचा कोणता डोस, कोणाला दमा, घरी कोणाला फोन करायचा. फॉर्म तयार झाला तसा अम्मीसमोर ठेवला. तिने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "यात माझं नाव कुठं बसवू?"

मी पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव अशा तीन चौकटी केल्या होत्या. तिन्ही भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. अम्मीच्या नावाला आडनावच नाही, शेवटी 'बी' आहे. वर्षभर ज्या चौकटींना शिव्या दिल्या, त्याच मी हाताने काढल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात होत्या म्हणून काढल्या. नंतर कळलं, पॅट्रिक मॅकेन्झी नावाच्या प्रोग्रामरने २०१० मध्येच लोकांच्या नावांबद्दल प्रोग्रामर मंडळी काय काय खोटं गृहीत धरतात याची मोठी यादी लिहून ठेवली आहे. ती आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.

शेजारच्या खाला विचारतात, आता पुण्याला जाणार ना? जाईन बहुतेक. पगार तिथेच आहे. तिथे माझ्या टेबलाशी चष्मा लावून बसायला अम्मी नसेल, हेच मनात येतं.

सध्या फॉर्ममध्ये नावाची एकच लांब चौकट आहे, हवं तसं लिहा. फोन नंबर सक्तीचा नाही. आमच्या सरांना यादी आडनावाच्या क्रमाने हवी होती. तशी लावली तर निम्म्या मुली कुठे शोधायच्या तेच कळेना, म्हणून जन्मतारखेने लावली. त्यात एकाच तारखेला जन्मलेल्या दोन शेख निघाल्या, दोघींच्या वडिलांचं नावही एकच. त्यांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.