कांद्याचा सहा आकडी पासपोर्ट

लासलगावच्या लिलावात कांद्याला लाल, उन्हाळी, गोल्टी अशी नावे असतात. सरहद्दीवर मात्र यांपैकी एकही नाव चालत नाही. तिथे कांदा म्हणजे ०७०३१०. पहिले दोन आकडे भाजीपाल्याचे, पुढचे दोन कांदा-लसणाच्या कुळाचे आणि शेवटचे दोन कांद्याचे. ढाका असो वा दुबई, कस्टम्सचा अधिकारी हा आकडा पाहून पोत्यात काय आहे ते ओळखतो.

या आकड्याचे माहेर ब्रुसेल्स. २६ जानेवारी १९५३ रोजी, आपण प्रजासत्ताक दिन साजरा करत होतो त्याच दिवशी, तिथे सतरा युरोपीय देशांच्या सीमाशुल्क परिषदेची पहिली बैठक भरली. १९९४ मध्ये ती जागतिक सीमाशुल्क संघटना झाली. तिने तयार केलेली मालाची सामाईक वर्गवारी १९८८ पासून अमलात आहे. जकात किती घ्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. माल कोणता, यावर तरी वाद नको, एवढेच तिचे म्हणणे.

मग सरहद्दीवर कांदा अडतो कशाने?

नाशिकचा कांदा देश ओलांडून बंगालमधल्या पेट्रापोलला पोहोचतो. पलीकडे बांगलादेशचे बेनापोल. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला कांदा घालूच नको असे सांगितले आहे! सभा हसली, पण त्यांचे पुढचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आधी कळवले असते, तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती.

वर्षभरातच, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा बंदी आली. भरलेले ट्रक सीमेवर उभे राहिले आणि पोत्यांतला कांदा सडू लागला. नुकसान दोन्हीकडे झाले.

घरात भाव भडकले की सरकारने आधी घरचे पाहावे, हे खरेच. पण नाशवंत माल लवकर सोडावा, बदललेले नियम शक्यतो आधी जाहीर करावेत, असे सांगणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार २०१७ पासून लागू आहे. दोन्ही देशांनी तो स्वीकारलेला आहे.

विरजण मागायला आलेल्या शेजारणीला 'आज नाही हो' म्हणता येते. तिने वाटी पुढे केल्यावर मात्र कोणी दार लावून घेत नाही. सहा आकड्यांनी कांद्याची ओळख पटते. शेजाऱ्याचा विश्वास मात्र आधी दिलेल्या निरोपावरच टिकतो.