खांदेरीचा काठ

थळच्या समोर समुद्रात असलेलं खांदेरी बेट टोपोशीटवर नखाएवढं दिसतं. 1:50,000 प्रमाण म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यात समोच्च रेषा 20-20 मीटरनी काढलेल्या, त्यामुळे बेटावरच्या दोन बुटक्या टेकड्यांबद्दल त्या फारसं काही सांगत नाहीत. दक्षिणेकडची टेकडी उंच, 1867 सालचं दीपगृह तिच्यावर आहे, एवढं होडीतूनही कळतं.

माझं लक्ष असतं ते काठाच्या रेषेवर. ही रेषा भरतीच्या पाण्याची. टेकड्यांची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली. सागरी नकाशा उघडावा तर त्याचं शून्य आणखी खाली, अगदी नीचतम ओहोटीच्या पातळीला. जे खडक ओहोटीला उघडे पडतात त्यांच्या आकड्याखाली तिथे बारीक रेघ असते. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एकावर एक ठेवले की मधे एक पट्टा उरतो, आणि खांदेरी समजून घ्यायची तर माझ्या मते तोच पट्टा आधी पाहावा.

तो पाहायचा तर उधाणाचे दिवस धरावे लागतात. या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे पाणी सर्वांत खाली असतं ते सकाळी सहाच्या सुमाराला. बेटावरच्या किल्ल्याच्या तटाच्या पायथ्याशी मुद्दाम टाकलेले सुटे दगड तेव्हा उघडे पडतात. त्यांच्यावर कालवं, शिंपल्यांच्या धारदार कडा. अनवाणी पाय टाकायची सोय नाही. भरतीत हेच दगड पाण्याखाली दडतात, आणि तटाला नाव लावू पाहणाऱ्याची गत काय होईल हे वेगळं सांगायला नको.

1679 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे बांधकाम सुरू केलं, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. त्यांची मोठी गलबतं वाऱ्यावर आणि खोल पाण्यावर अवलंबून. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, बहुधा अंधारात थळहून माणसं आणि सामान पोचवत राहिल्या. पुढच्याच वर्षी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तिथे तट उभारला. दोन्ही बेटं आणि थळ यांच्यामधलं हे उथळ पाणी टोपोशीटवर नुसतं निळं आहे.